‘बरो आयला’ म्हणून सगळे थांबतात, आणि तोच दोष पुढच्या महिन्यात परत येतो

गेली चार वर्षं महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सात-आठ जण गोव्यात फोंड्याजवळ एकाच्या घरी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, जमतो. प्रत्येकाने माणसांचे दोन फोटो आणायचे आणि बाकीच्यांनी त्यांवर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. पोटासाठी फोटो काढणारं आमच्यात कोणी नाही. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतं, एक मुलगा अजून कॉलेजात आहे. पहिलं दीड वर्ष ही बैठक चालत होती खरी, पण तिचा उपयोग होत नव्हता. तुमच्याकडेही असं मंडळ असेल आणि तुम्हीही इथेच अडकला असाल, तर आमचं काय बिघडलं होतं आणि ते कसं सुटलं, ते सविस्तर सांगतो.

लक्षणं दोन होती आणि वरवर एकमेकांच्या उलट दिसायची. बहुतेक वेळा फोटो हातोहात फिरायचा, प्रत्येक जण ‘बरो आयला’, म्हणजे कोंकणीत ‘चांगला आलाय’, म्हणायचा आणि चहा यायचा. अधूनमधून मात्र कोणाला तरी खरं बोलायची हुक्की यायची. मग एखादं वाक्य असं लागायचं की फोटो आणणारा पुढचे दोन महिने फिरकायचा नाही. या दोन्हींच्या आड तिसरं लक्षण होतं, ते उशिरा ध्यानात आलं. कॉलेजातल्या मुलाने लागोपाठ पाच महिने असे फोटो आणले की माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी. पाचही वेळा आम्ही त्याला सांगितलं, ‘लाइट बघ.’ पाचही वेळा त्याने मान डोलावली.

आधी जे उपाय करून पाहिले आणि फसले, ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ‘इथे खरंच बोलायचं’ असा नियम केला, तर ज्याची जीभ जास्त तिखट तो जास्त बोलू लागला. नाव न घालता चिठ्ठ्या लिहिल्या, तर ‘आवडला नाही’, ‘काहीतरी कमी आहे’ असली वाक्यं हाती आली. दहापैकी गुण दिले, तर सगळ्यांना सात. आधी कौतुक, मध्ये दोष, शेवटी पुन्हा कौतुक ही प्रसिद्ध पद्धतही करून पाहिली. दुसऱ्या बैठकीपासून लोक कौतुक ऐकेनासे झाले. ‘पण’ कधी येतो, याचीच वाट बघत बसायचे.

मूळ कुठे सापडलं

एका सदस्याने मार्दोळला फुलं विकणाऱ्या आपल्या मावशीचा फोटो आणला. अबोलीचे वळेसर (गजरे) पुढ्यात, चेहऱ्यावर छान हसू. एकाने बघितल्या बघितल्या म्हटलं, ‘नाक फार मोठं आलंय.’ फोटो काढणारा म्हणाला, ‘ती माझी मावशी.’ त्यानंतर त्या दिवशी कोणी काही बोललंच नाही.

घरी जाताना हे माझ्या डोक्यातून जाईना. निसर्गचित्रावर बोलताना दोघंच असतात, फोटो काढणारा आणि बोलणारा. माणसाच्या फोटोत तिसरं माणूस असतं, आणि आपल्या गावांत ते परकं नसतंच. कोणाची मावशी असते, कोणाचे सासरे, कोणाच्या शेजारचा पदेर, म्हणजे पाववाला. आपण बोलायला जातो फोटोबद्दल आणि वाक्य जाऊन लागतं त्या माणसाच्या चेहऱ्याला. म्हणून भले लोक गप्प बसतात आणि ‘बरो आयला’ म्हणतात. त्यात खोटेपणा नाही, ती त्या मावशीबद्दलची अदब आहे. हे कळल्यावर ‘धीट व्हा, खरं बोला’ असं सांगण्यात काही अर्थ उरला नाही. अडचण धीटपणाची नव्हतीच. वाक्याचा कर्ता चुकत होता.

आणि त्या बोलणाऱ्याचं निरीक्षण तर बरोबर होतं. नाक मोठं दिसतच होतं. फक्त त्याचं कारण मावशीच्या चेहऱ्यात नव्हतं, फोनच्या अंतरात होतं. फोन नाकाच्या शेंड्यापासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर कान त्याच्या मागे साधारण १२ सेंटीमीटर, म्हणजे ४२ सेंटीमीटरवर पडतात. कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटणार. तेच दोन मीटरवरून काढलं, तर २०० आणि २१२ असा हिशेब होतो आणि फरक सहा टक्क्यांवर येतो. चेहऱ्याचा आकार लेन्स बदलत नाही, अंतर बदलतं. लांबून काढताना चेहरा फ्रेममध्ये लहान येतो, म्हणून झूम लागते किंवा नंतर क्रॉप करावं लागतं, इतकंच. पुढच्या आठवड्यात तो टेप घेऊन मार्दोळला गेला, दोन मीटर मोजले आणि त्याच फोनची २ पट झूम वापरून मावशीचा फोटो पुन्हा काढला. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्यावर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता वाक्य कसं करतो

नियम एकच ठेवला. वाक्याचा कर्ता प्रकाश, अंतर, जागा, वेळ किंवा कॅमेरा असला पाहिजे. माणसाचा अवयव कर्ता असेल तर वाक्य परत घ्यायचं आणि नव्याने मांडायचं. ‘डोळे खोल गेलेत’ म्हणायचं नाही, ‘प्रकाश थेट वरून आलाय, म्हणून डोळ्यांवर भुवयांची सावली पडलीय’ म्हणायचं. पहिल्यांदा हे कृत्रिम वाटतं. पण कर्ता बदलायचा तर बोलणाऱ्याला आधी कारण शोधावं लागतं, आणि कारण सापडलं की उपाय बहुतेक त्याच वाक्यात येतो. ‘लाइट बघ’मध्ये त्या कॉलेजच्या मुलाला करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

मग एकदा त्याला नीट विचारलं, की बाबा, तू हे फोटो काढतोस कधी आणि कुठे? कॉलेजच्या जेवणाच्या सुट्टीत, मैदानात. म्हणजे साडेबाराच्या सुमाराला. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे. भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या बरीच पूर्वेला आहे, त्यामुळे गोव्यात खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते. त्यात आपण साडेपंधरा अक्षांशावर, म्हणून मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी कोणाचाही फोटो काढा, डोळे खोबणीतच जाणार. त्याला एवढंच सांगितलं: तीच वेळ ठेव, तोच मित्र घे, फक्त त्याला व्हरांड्याच्या कडेशी छपराखाली उभा कर, तोंड बाहेर मैदानाकडे. वरचा प्रकाश छप्पर अडवतं आणि समोरचा उजेड चेहऱ्यावर येतो. सहाव्या महिन्यात त्याच्या फोटोत पहिल्यांदा डोळे दिसले, डोळ्यांत उजेडाचा ठिपकाही होता.

इथे एक समजूत मोडायला हवी. पावसाळ्यात ढग असले की प्रकाश मऊ, म्हणून काही बघायलाच नको, असं पुष्कळ जण धरून चालतात. प्रकाश मऊ असतो हे खरं, पण येतो वरूनच. त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळ्यांखाली काळपट छाया राहते. माणसाला बसवून त्याच्या मांडीवर पांढरी चादर किंवा साधा ड्रॉइंगचा कागद ठेवला, तर खालून उजेड परत येतो आणि ती छाया निवळते.

सगळ्यात जपून बोलायची गोष्ट म्हणजे रंग. ‘काळा आलाय’ हे वाक्य आमच्या बैठकीत मी चार-पाच वेळा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी कोणीतरी दुखावलं गेलं. त्यामागे कॅमेऱ्याची सवय असते. उजेड मोजताना तो समोरचं सगळं सरासरीने मध्यम करड्या छटेला आणू बघतो. चुना लावलेल्या देवळाच्या भिंतीपुढे किंवा उघड्या आभाळापुढे सावळा माणूस उभा केला, की कॅमेरा त्या पांढऱ्याला करडं करण्यासाठी सगळंच गडद करतो आणि चेहरा बुडतो. तेव्हा म्हणायचं, ‘मागच्या पांढऱ्या भिंतीने कॅमेऱ्याला फसवलंय.’ उपाय असा, की फोनवर चेहऱ्यावर बोट टेकून उजेड थोडा वाढवायचा, किंवा कॅमेऱ्यावर एक्सपोजर एक पायरी वर घ्यायचं. पण मला याच्या उलट दोषाची जास्त चिंता वाटते. ब्यूटी फिल्टरने चेहरा उजळवून, सुरकुत्या पुसून आणलेला फोटो. त्यावर आमच्याकडे कोणी बोलतच नसे, कारण तो सगळ्यांना ‘चांगला’ दिसे. उन्हात भात लावणाऱ्या बाईचा रंग तिच्या अंगचा आहे, तो दोष नव्हे. आता आम्ही असे फोटो मूळ फोटोशेजारी ठेवूनच बघतो.

रंगाचा दुसरा घोटाळा पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांत होतो. पिवळ्या, निळ्या, लाल भिंती फोटोत सुरेख दिसतात, म्हणून प्रत्येक जण माणसाला भिंतीला चिकटवून उभा करतो. भिंतीवर ऊन असेल तर तिचा रंग उसळून गालावर येतो. निळ्या भिंतीशेजारचा माणूस आजारी दिसतो. घरी लाल ऑक्साइडच्या जमिनीवर बसवलेल्या माणसाच्या हनुवटीखाली लाली येते ती त्याच कारणाने. भिंतीपासून दोन-तीन पावलं पुढे घेतलं तरी पुष्कळ फरक पडतो. आणि त्या गल्ल्यांत लोक राहतात. त्यांच्या दारात उभं राहण्याआधी विचारायचं.

मी स्वतः चुकलो तो प्रसंग

कर्ता बरोबर ठेवूनही चुकता येतं. एका ताईंनी सासऱ्यांचा फोटो आणला होता. खिडकीशी बसलेले, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा जवळजवळ पूर्ण काळोखात. मी आत्मविश्वासाने सांगितलं, की डावीकडे प्रकाश पोचलेला नाही, एखादा पांढरा पुठ्ठा धरायला हवा होता. कारण बरोबर, उपाय बरोबर, भाषाही नियमातली. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘त्यांना त्या डोळ्याने दिसत नाही. ते नेहमी तसेच बसतात. मला तेच दाखवायचं होतं.’

मी दोषावर बोलत होतो आणि ती त्यांची निवड होती. तेव्हापासून फोटो बघण्याआधी काढणाऱ्याने दोन वाक्यं बोलायची: हे माणूस कोण, आणि मला या फोटोत काय हवं होतं. दोनच. तिसऱ्या वाक्यापासून समर्थन सुरू होतं. मग बाकीच्यांनी त्या हेतूला धरून बोलायचं. ‘त्यांचा एकटेपणा दिसावा’ असा हेतू असेल, तर डोक्यामागचं झगझगीत कॅलेंडर त्याच्या आड येतं, हे सांगणं उपयोगाचं. ‘मला कृष्णधवल आवडत नाही’ हे आपल्या घरी सांगावं. आणि फोटो बाजारात अनोळखी माणसाचा काढलेला असेल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या एखाद्या विक्रेतीचा, तर पहिला प्रश्न असतो, की त्यांना विचारलं होतं का. उत्तर नाही असेल, तर त्या फोटोवर आम्ही बोलत नाही. विचारलं असेल, तर पुढच्या शुक्रवारी प्रिंट नेऊन द्यायची.

ऐकणाऱ्याची बाजू

सांगण्यापेक्षा ऐकणं अवघड, आणि इथे मी बराच काळ कच्चा होतो. माझ्या आईच्या एका फोटोत तिच्या डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसत होता. कोणी दाखवलं की मी सांगायचो, तिथे जागाच नव्हती, पाऊस होता, ती कंटाळली होती. सगळं खरं होतं. पण फोटो बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही, त्याला खांब दिसतो. आणि मी बोलत राहिल्यामुळे, मी अर्धं पाऊल डावीकडे सरकलो असतो तर खांब आईच्या मागून सुटला असता, हे साधं वाक्य कोणाला बोलायलाच मिळालं नाही. आता ज्याचा फोटो त्याने वही घ्यायची आणि लिहायचं. शेवटी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. निम्म्या वेळा इथेच उघड होतं, की सांगितलं एक आणि ऐकलं दुसरंच.

सगळं मान्य करायचं नसतं. चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या, तर एकच निवडायची. त्याच माणसाचा, त्याच जागी, आठ दिवसांच्या आत फोटो पुन्हा काढायचा आणि तेवढी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. पुढच्या बैठकीत जुनी आणि नवी प्रिंट शेजारी ठेवतो. तोच दोष परत परत येण्याचा आमचा आजार खऱ्या अर्थाने बरा झाला तो या एका सवयीने. कधी कधी जुना फोटो जास्त चांगला ठरतो. मग सल्ला चुकला होता, आणि तेही सगळ्यांसमोर दिसतं.

बघायचं ते एकाच प्रिंटवर, निदान एकाच लॅपटॉपवर. फोनवर पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो, प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा. ‘शार्प नाही’, ‘फुटतोय’ यावर आम्ही जे तास घालवले, त्यातले बरेच पाठवण्याच्या वाटेत झालेल्या नुकसानीवर गेले. खराच फोकस सुटलेला असेल तर तो ८ बाय १२च्या प्रिंटवर दिसतो. मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ मिलीमीटरची लेन्स १.८ ॲपर्चरला (ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) उघडून दीड मीटरवरून चेहरा काढला, तर स्पष्ट राहणारी खोली जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर असते. चेहरा जरा वळला की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवायचा, किंवा ॲपर्चर ४ पर्यंत बंद करायचं.

तरी अडलं तर

मंडळात वयाने मोठं कोणी असेल, तर त्यांच्यापुढे धाकटे बोलत नाहीत. आमच्यातले काका फिल्मच्या काळापासून फोटो काढतात. त्यांनी एकदा मत दिलं की विषय संपायचा, आणि त्यांच्या फोटोवर तर कोणी तोंडच उघडायचं नाही. तोडगा त्यांनीच सुचवला: सगळ्यात लहान आधी बोलेल, काका शेवटी. त्यांच्या फोटोवर धाकट्यांनी प्रश्न विचारायचे. ‘काका, खिडकीचं दार पूर्ण उघडलं होतं की अर्धं?’ असा प्रश्न विचारला, की काका स्वतःच सांगतात, ‘अर्धं ठेवायला हवं होतं.’

कोणाला काय बोलावं ते सुचतच नसेल, तर आपले फोटो बाजूला ठेवा आणि चित्रं बघायला जा. आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे गोव्यात जन्मलेले चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवलं. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आहे, त्यात घरच्या माणसांची व्यक्तिचित्रंही आहेत. आम्ही तिथे एक दुपार घालवली. प्रत्येकाने एका चित्रापुढे उभं राहून तीनच गोष्टी सांगायच्या: प्रकाश कुठून येतो, सावली कुठे थांबते, आपली नजर आधी कुठे जाते. तिथे कोणी दुखावलं जाण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे एरवी अवाक्षर न काढणारेही बोलले. त्या एका दुपारी आमची भाषा जितकी सुधारली, तितकी सहा बैठकांत सुधारली नव्हती.

आणि कोणी निघून गेलं असेल तर घरी जाऊन भेटा, फोन करू नका. आमच्याकडून एक वहिनी पहिल्याच वर्षी गेल्या. त्यांनी सासूबाईंचा समोरून फ्लॅश मारलेला फोटो आणला होता, आणि एकाने विचारलं होतं, ‘हा पासपोर्टला लावायचा का?’ सगळे हसलो होतो, मीही. मी जाऊन माफी मागितली ती दीड वर्षाने. त्या बैठकीला परत आल्या नाहीत, आणि मी आग्रह केला नाही. पण अधूनमधून दारातच मला प्रिंट दाखवतात. गेल्या खेपेला तोच जुना फोटो बाहेर काढून दाखवला, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, की यात तुम्हाला काय हवं होतं. म्हणाल्या, ‘सासूबाई भाकऱ्या थापून नुकत्याच उठल्या होत्या. हातावरचं पीठ दिसायला हवं होतं.’ फ्लॅश लेन्सच्याच दिशेने आल्यामुळे सावल्या मागे लपल्या होत्या आणि हात सपाट पांढरे झाले होते. त्यांच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी आहे. त्यातून ऊन गाळून येतं आणि बाजूने येतं. सकाळी नऊला ती उजळते, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना तिथे बसवून, फ्लॅश बंद ठेवून, भाकऱ्या झाल्या झाल्या फोटो पुन्हा काढायचं त्यांनी ठरवलंय.